तलाव, एक नग

महिन्याच्या एकतीस तारखेला कार्यालयीन वेळ संपताना मोजणीदार सेवानिवृत्त होणार होता, आणि नियमाप्रमाणे त्याआधी त्याने आपल्या ताब्यातल्या सर्व वस्तू नव्या माणसाला मोजून द्यायच्या होत्या. वस्तू एकूण सात होत्या. जडवस्तूंच्या नोंदवहीत त्या अशा लिहिलेल्या होत्या: खुर्ची एक, डावा हात नसलेली, टेबल एक, कंदील दोन, पैकी एक काचेविना, छत्री एक, शिट्टी एक, होडी एक, वल्ह्यांसह, आणि सातव्या ओळीत, त्याच अक्षरात, त्याच शाईने: तलाव एक नग, पाण्यासह.

ही सातवी ओळ कोणी घुसडली ते कोणालाच ठाऊक नव्हते. ती खोडावी असे तेहतीस वर्षांत कोणाच्या मनातही आले नाही. कारण वस्तू नोंदीतून काढायची तर ती मोडीत काढायचा नमुना भरावा लागतो, आणि त्या नमुन्यात तिसराच प्रश्न आहे, ‘वस्तू कोणाच्या हातून फुटली?’

मोजणीदाराचे काम तसे सोपे होते. धरणाच्या भिंतीला लागून, पाणी सोडायच्या दारांचा एक दगडी मनोरा होता. त्यावर खालपासून वरपर्यंत काळ्या-पांढऱ्या रंगाने मीटरचे आकडे रंगवलेले. रोज सकाळी आठ वाजता पाणी कुठल्या आकड्याला टेकले आहे ते पाहायचे, टेबलाच्या खणातला तक्ता उघडायचा, त्या आकड्यासमोर लिहिलेली टक्केवारी वाचायची आणि फोनवरून शहरातल्या कार्यालयाला कळवायची. दुसऱ्या दिवशी ती टक्केवारी वर्तमानपत्रात यायची आणि शहर निर्धास्तपणे दाढी करायचे.

तक्ता चोख होता. धरण बांधण्याआधी एका अभियंत्याने कोरड्या दरीतून वर्षभर साखळी ओढत पायपीट केली होती आणि दरीचा खड्डान्‌खड्डा मोजून तो बनवला होता. पण दरीने काही तो वाचला नाही. दर पावसात डोंगरावरची माती खाली येत राहिली आणि तळाशी बसत राहिली. तक्त्यातला तळ जिथे होता तिथेच राहिला, तलावातला तळ मात्र वर येत गेला.

मोजणीदाराला हे ठाऊक होते का? तर होते. अकरा वर्षांपूर्वी एका सकाळी त्याने पाहिले, की तलावाच्या मध्यावर, जिथे तक्त्याप्रमाणे वीस मीटर पाणी असायला हवे, तिथे एक बगळा उभा आहे. पोहत नव्हता, उभा होता, गुडघाभर पाण्यात, एका पायावर. मोजणीदाराने चष्मा पुसला, पुन्हा घातला. बगळ्याने पाय बदलला. मग मोजणीदाराने उठून खुर्चीचे तोंड भिंतीकडे केले, आणि तेव्हापासून तो तसाच बसत आला. आपले काम मनोऱ्यावरचा आकडा वाचायचे, बगळे मोजायचे नव्हे, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. पगारी माणसाला ही समजूत फार लवकर पटते.

आता त्याला फक्त सुटायचे होते. शहरात लेक होती, एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, एकटी. दवाखान्यात रक्त तपासायची. तिच्या नळाला पाणी यायचे दिवसाआड, सकाळी दहा ते बारा यांच्यात कधीतरी, आणि दवाखाना उघडायचा नऊला. पाणी भरायला थांबावे तर नोकरी जाते, नोकरीवर जावे तर पाणी जाते. उशिराबद्दल तिला दोन ताकिदी मिळाल्या होत्या. तिसरी मिळाली की घरी बसायचे. ती रोज फोन करायची.

“बाबा, एकतीसला नक्की ना? एकदा तुम्ही नळाशी बसलात की मी मोकळी.”

“एकतीसला नक्की,” मोजणीदार म्हणायचा. ज्या तलावाचे पाणी एकसष्ट टक्के असल्याचे तो रोज जगाला सांगत होता, त्याच तलावाचे पाणी भांड्यात धरण्यासाठी त्याला निवृत्तीनंतर लेकीकडे पहारा द्यायचा होता. यातली गंमत त्याच्या बायकोच्या लक्षात आली होती. त्याच्या आली नव्हती, किंवा त्याने त्या गमतीचेही तोंड भिंतीकडे केले होते.

अठ्ठावीस तारखेला नवा माणूस आला. तो याआधी अवजारांच्या गोदामावर होता. तिथे ताबा घेताना त्याने भरवशावर दोनशे फावड्यांची सही केली, निघाली चाळीस, आणि उरलेल्या एकशे साठ फावड्यांचा खुलासा देण्यात त्याची तीन वर्षे गेली. तेव्हापासून धोब्याकडून शर्ट आला तरी तो गुंड्या मोजून घ्यायचा. त्याने खुर्चीवर बसून पाहिले, छत्री उघडून उन्हात धरली, शिट्टी वाजवली आणि तिच्यातला गोटा खरा आहे का हे पाहायला पुन्हा वाजवली. मग नोंदवहीवर बोट ठेवून म्हणाला, “आता हा सातवा नग.”

“हा काय समोर पसरलाय,” मोजणीदार म्हणाला. “घ्या.”

“पसरलाय ते दिसतंय. खोल किती?”

“तक्त्यात आहे.”

“फावडीसुद्धा तक्त्यातच होती, काका.”

मग दोघे होडीत बसले. गोदामवाल्याने दोरीला लोखंडी वजन बांधून आणले होते. मनोऱ्यापाशी पाणी सत्तावीसच्या आकड्याला टेकलेले होते, म्हणजे खाली सत्तावीस मीटर पाणी हवे. दोरी सहा मीटर गेली आणि थांबली. ओढून काढली तर वजनाला काळाभोर, लोण्यासारखा मऊ गाळ. आणखी आत गेले, तिथे चार मीटर. त्याही पुढे बगळ्याजवळ वल्हेच तळाला टेकले. बगळ्याने दोघांकडे पाहिले आणि, गाडीत शेजारच्या प्रवाशाला जागा करून द्यावी तसा, एक पाऊल सरकून घेतले.

गोदामवाल्याने होडीतच शेरा लिहिला: ‘वस्तू क्रमांक सात. तलाव मिळाला. पाणी कमी भरले. सबब ताबा घेतला नाही.’

ताबा दिला नाही तर कार्यमुक्ती नाही, आणि कार्यमुक्ती नाही तर निवृत्ती नाही. मोजणीदार शेरा घेऊन साहेबांकडे धावला. साहेब धरणाचे प्रमुख होते आणि त्यांच्या खोलीत तलावाचा मोठा रंगीत नकाशा होता, त्यामुळे त्यांना तलावावर जायची गरज पडत नसे. त्यांनी आधी विचारले, दोरी प्रमाणित होती का. नव्हती. मग बगळ्याविषयी विचारले. तो गुडघाभर पाण्यात उभा होता असे कळल्यावर ते म्हणाले, बगळ्याच्या जाती असतात, काही उंच असतात.

“साहेब, वीस मीटर?” मोजणीदाराने विचारले.

“मी तज्ज्ञ नाही,” साहेब म्हणाले. “तुम्हीही नाही.”

मग त्यांनी मंजूर आराखडा उघडला. आराखड्यात गाळाची सोय केलेली होती. अगदी तळाशी त्याच्यासाठी जागा राखून ठेवली होती आणि ती भरायला शंभर वर्षे लागतील असेही लिहिले होते. म्हणजे गाळाला जायला जागा आहे, मुदत आहे, सगळे आहे. असे असताना तो वर येऊन बसला असेल तर ते अतिक्रमण आहे. साहेबांनी गाळाला पंधरा दिवसांत मूळ जागी परत जाण्याची नोटीस काढली. ती एका पाटीवर डकवून पाटी तलावात रोवली. पाटी रोवणाऱ्याने मध्यावर उभे राहून, विजार न भिजवता ती रोवली. ही गोष्ट मात्र अहवालात आली नाही. पंधरा दिवसांत गाळाचे उत्तर आले नाही. पाटीवर बगळा बसू लागला.

गाळ ऐकत नाही म्हटल्यावर प्रश्न उरला पाण्याचा. तक्त्यात पाणी आहे, तलावात नाही, आणि तलाव तेहतीस वर्षे एकाच माणसाच्या ताब्यात. तेव्हा ते गेले कुठे हे त्यानेच सांगायला हवे. तिघांची चौकशी समिती मोजणीदाराच्या घरी आली.

घरात सामान बांधून पंधरा दिवस झाले होते. बाहेर एक पातेले, दोन ताटे आणि एक पिंप एवढेच राहिले होते. समितीने पिंपात काठी घातली. भरून वाहणाऱ्या पिंपाची खोली तीन वेळा मोजून घेतली. मग समितीच्या अध्यक्षांनी बायकोला विचारले, घरात आणखी कुठे पाणी साठवून ठेवले आहे का.

“आहे की,” ती म्हणाली. “तेहतीस वर्षं हे रोज येताना शर्टाच्या खिशातून थोडं थोडं आणायचे. गादीखाली बघा.”

समितीने गादीखाली पाहिले. गादी कोरडी असल्याची नोंद केली आणि त्यावर बायकोची सही घेतली. ती सही करताना ती मोजणीदाराकडे बघून म्हणाली, “अहो, तेवढा बगळा दिसला तेव्हा बोलला असतात, तर आज गादी उचलावी लागली नसती.” अकरा वर्षांत तिच्यापाशी त्याने बगळ्याचे नाव एकदाच काढले होते, तेही तापात.

एकतीस तारीख कधीच उलटून गेली होती. नियमात निवृत्त आणि नोंदीत कामावर अशा अवस्थेत मोजणीदार रोज आठ वाजता आकडा वाचत होता. तिकडे लेकीचा फोन आला, की आता पाणी तीन दिवसांआड येते आणि तिसऱ्या ताकिदीचा कागद वरिष्ठांनी टाईप करून खणात ठेवला आहे, फक्त तारीख घालायची बाकी आहे. एवढेच बोलली. रागावली असती तर बरे झाले असते.

मार्ग काढला हेडक्लार्कने. हे गृहस्थ असे होते, की कागद त्यांच्यासमोर आला की अडचण आपणहून उठून चालू लागायची. त्यांनी चहा संपवला, बशी बाजूला सारली आणि साहेबांना विचारले, “गाळ ओला आहे ना?”

“ओला आहे,” साहेब म्हणाले.

“ओला आहे म्हणजे त्यात पाणी आहे. पाणी आहे म्हणजे तो साठा आहे. आता साठा कशाला म्हणतात? जे साठून राहतं त्याला. पाणी उन्हानं उडतं, भिंतीतून झिरपतं, दार उघडलं की वाहून जातं. गाळ यातलं काहीएक करत नाही. बसला की बसला. साहेब, खरं साठवण्याचं काम आपल्या तलावात तोच करतोय.”

साहेब उठून नकाशापाशी गेले.

“म्हणजे मनोऱ्यावर गाळ एकवीसच्या आकड्यापर्यंत आलाय...”

“म्हणजे आकडा एकवीसच्या खाली जाऊच शकत नाही,” हेडक्लार्क म्हणाले. “तक्त्यात एकवीसला चाळीस टक्के. कितीही कडक उन्हाळा येऊ द्या, आपला तलाव चाळीस टक्क्यांखाली जाणार नाही. आणि गाळ दरवर्षी वर येतोय. काही वर्षांत शंभर, तेही पावसावाचून.”

साहेबांनी नकाशावरून हळुवार हात फिरवला. टंचाईचा प्रश्न आपल्या कारकिर्दीत कायमचा मिटेल असे त्यांना कधी वाटले नव्हते. त्याच दुपारी गाळाला ‘स्थिर साठा’ म्हणून मान्यता देण्यात आली, त्याच्यावरची नोटीस सन्मानाने मागे घेण्यात आली, आणि नोंदवहीतली सातवी ओळ दुरुस्त झाली: तलाव एक नग, साठ्यासह. गोदामवाल्याने ती दोनदा वाचली. कागदात गाळ आहे, तलावात गाळ आहे. त्याची तक्रार मिटली. तो वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त मोजदाद जुळायला हवी होती.

उरली मोजणीदाराची सही. ‘वरील वस्तू पूर्ण साठ्यासह सुपूर्द केली’ या ओळीखाली. पेन हातात घेऊन तो थांबला.

“साहेब, वरचं खरं पाणी दोन महिन्यांचं आहे. आता सही केली तर गाळ कोणी काढणार नाही. शहर काय पिणार?”

“मग नका करू,” साहेब मायेने म्हणाले. “राहा इथेच. वाचा आकडा.”

मोजणीदाराच्या खिशातला फोन वाजला. लेकीचा होता. त्याने तो वाजू दिला आणि सही केली. पेन मध्येच अडले तेव्हा हेडक्लार्कने आपले पुढे केले.

दुसऱ्या दिवसापासून मोजणीदार लेकीच्या नळासमोर बसू लागला. लेक वेळेवर दवाखान्यात पोहोचू लागली आणि तिसऱ्या ताकिदीवर तारीख पडली नाही. पाणी तीन दिवसांआडचे पाच दिवसांआड झाले, पाचाचे आठ. मग ऊन तापले, आणि एका सकाळी नळाने नुसता उसासा टाकला. त्या दिवशीच्या वर्तमानपत्रात ठळक अक्षरांत आले होते: साठा चाळीस टक्क्यांवर स्थिर, नागरिकांनी घाबरू नये.

नागरिक घाबरले नाहीत. नळ बिघडला म्हणून त्यांनी आधी नळदुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याने सगळ्या मजल्यांचे नळ बदलले. नव्या नळांतून अधिक स्वच्छ हवा येऊ लागली.

शेवटी मोजणीदाराला राहवेना. इमारतीच्या बैठकीत त्याने उठून सगळे सांगितले: बगळा, दोरी, स्थिर साठा, स्वतःची सही, काही हातचे न राखता. असा संताप उसळला, की जिन्यातली मांजरे पळाली. सगळे चोर आहेत, असे पहिल्या मजल्यावरचे काका म्हणाले. खोटे आकडे देणाऱ्यांना उलटे टांगले पाहिजे, असे इमारतीचे चिटणीस म्हणाले. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचे म्हणणे पडले, की आपल्याकडे कोणाला सत्याची चाडच उरलेली नाही. निवेदनाचा मसुदा तीन वेळा अधिक कडक करण्यात आला. मोजणीदाराचे डोळे भरून आले. आपण उगीच अकरा वर्षे भिंतीकडे तोंड करून बसलो, असे त्याला वाटले. त्या भरात तो म्हणाला, “आता पुढचं पाणी येईल तेव्हा येईल. तोवर आपल्या इमारतीच्या टाकीत किती आहे ते तरी मोजून घेऊ.”

टाकी अंगणाखाली होती, बारा फूट खोल. आतल्या तरंगत्या गोळ्याला जोडलेला भिंतीवरचा काटा कायम ‘निम्मी’ दाखवायचा. त्या काट्याचा सगळ्यांना मोठा आधार होता. झाकणावर चिटणीसांच्या कुंड्या होत्या. एकमेकांकडे बघत लोकांनी अकरा कुंड्या हलवल्या. मोजणीदाराने कपडे वाळत घालायच्या दोरीला वरवंटा बांधून खाली सोडला. दोन वीत पाणी, आणि मग मऊ. काट्याचा गोळा गाळावरच्या तेवढ्याशा पाण्यात आरामात तरंगत होता.

दोरी वर आली तेव्हा वरवंट्याचा रंग सगळ्यांनी पाहिला. तेच पाणी सगळे पीत होते.

बैठक पुन्हा बसली, पण आता आवाज खाली आले होते. टाकी साफ करायची तर आत आहे तेही पाणी ओतून द्यावे लागेल, असे चिटणीस म्हणाले. पहिल्या मजल्यावरच्या काकांचे घर विकायला निघाले होते. त्यांनी हात जोडून विनंती केली, की वृत्तांतात गाळ हा शब्द येऊ नये. काकूंना वाटत होते, की इतकी वर्षे कोणाला काही झालेले नाही, त्या अर्थी तो औषधीही असू शकेल. शेवटी कोणीतरी हळूच विचारले, “पण ओला आहे ना?”

ठराव एकमताने झाला. कुंड्या पुन्हा जागेवर ठेवण्यात आल्या. सरकारविरुद्धचे निवेदन जसेच्या तसे पाठवण्याचे ठरले, त्यातला एकही कडक शब्द न वगळता. आणि टाकीची देखरेख, या क्षेत्रातला दांडगा अनुभव पाहता, मोजणीदाराकडे सोपवण्यात आली. चिटणीसांनी वही पुढे केली. त्यात लिहिले होते: टाकी एक नग, निम्मी भरलेली.

मोजणीदाराने लेकीकडे पाहिले. ती रोज रक्त तपासणारी बाई होती; पाण्यात काय असते हे तिला सगळ्यांपेक्षा चांगले ठाऊक होते. तिने एकदा वरवंट्याकडे पाहिले.

“करा सही, बाबा,” ती म्हणाली. “मला रोज याच जिन्यानं जायचंय.”

त्याने सही केली. घरी येऊन सज्ज्यातली खुर्ची, जिच्यावरून थेट त्या अकरा कुंड्या दिसायच्या, उचलली आणि तिचे तोंड भिंतीकडे केले. बायकोने पाहिले. तिने आपलीही खुर्ची आणून शेजारी ठेवली.

साहेबाला हसलात, हेडक्लार्कला हसलात, गादीखाली पाणी शोधणाऱ्या समितीला तर चांगलेच हसला असाल. हरकत नाही. आता एक करा. खाली जाऊन तुमच्या टाकीचे झाकण उघडा. कुठे आहे ते आधी आठवा. त्याच्यावर काय ठेवले आहे तेही आठवा. दोरी नसेल तर घरातली कुठलीही चालेल, प्रमाणित असायची गरज नाही.

नाही उठलात ना? मग बसा. फक्त तुमची खुर्ची कुठल्या बाजूला तोंड करून आहे, तेवढे बघून घ्या.